तुमचे प्रश्न: बायबलमध्ये खरंच काय लिहिलंय?

या वेळी पत्रं जास्त आली आणि त्यातली बरीचशी तेच तेच विचारणारी, म्हणून सारखे प्रश्न एकत्र करून घेतोय, कोणाचं पत्र दिसलं नाही तर राग मानू नका. मी स्वतः विश्वास ठेवणारा ख्रिस्ती आहे हे आधीच सांगून टाकतो म्हणजे नंतर कोणी म्हणायला नको की बाजू घेतली. बाजू आहेच. पण उत्तर देताना एक पथ्य पाळतो: बायबलमध्ये जे छापलंय ते एक, चर्चने पुढे शेकडो वर्षांत शिकवलं ते दुसरं, आणि मोबाईलवर फिरत असतं ते तिसरं. या तिन्हीची भेसळ झाली की निम्मे वाद तिथेच सुरू होतात, आणि गंमत म्हणजे वाद घालणाऱ्या दोन्ही पार्ट्यांनी पान उघडून बघितलेलं नसतं.

प्रश्न: बायबलमध्ये कोणती पुस्तकं ठेवायची ते एका रोमन बादशहाने मीटिंग घेऊन ठरवलं आणि बाकीची जाळून टाकली, असा व्हिडिओ बघितला. खरं आहे का हे?

नाही. हा व्हिडिओ लोक मलाही सारखा पाठवतात. बादशहा म्हणजे कॉन्स्टंटाईन आणि मीटिंग म्हणजे इ.स. 325 ची निकियाची धर्मपरिषद. परिषद झाली हे खरं, बादशहाने बोलावली हेही खरं, पण तिथला वाद पुस्तकांचा नव्हताच. अलेक्झांड्रियाचा आरियस नावाचा एक धर्मगुरू शिकवत होता की पुत्र, म्हणजे येशू, हा देवाने निर्माण केलेला आहे, म्हणजे एक वेळ अशी होती की तो नव्हता, आणि त्यावरून चर्चमध्ये रणकंदन माजलं होतं. परिषदेने त्याच्या विरोधात निकाल दिला, ईस्टर कधी पाळायचा ते ठरवलं, शिस्तीचे वीस नियम केले आणि मंडळी आपापल्या गावी गेली. पुस्तकांची यादी त्या नियमांत कुठंच नाही.

जाळपोळ मात्र झाली होती, फक्त उलट्या दिशेने. इ.स. 303 मध्ये डायोक्लेशियन बादशहाने हुकूम काढला की ख्रिस्ती लोकांचे ग्रंथ जप्त करून जाळा, म्हणजे जाळायचं होतं ते हेच बायबल. (निकियानंतर कॉन्स्टंटाईनने आरियसचं लिखाण जाळायला सांगितलं होतं, तेही लपवायचं कारण नाही, पण ते आरियसचे ग्रंथ, कुठली गुप्त शुभवर्तमानं, म्हणजे येशूच्या आयुष्याची पुस्तकं, नव्हेत.)

मग यादी ठरली कशी? हळूहळू, आणि बऱ्यापैकी भांडत भांडत. इ.स. 140 च्या आसपास मार्शन नावाच्या एका माणसाने रोममध्ये स्वतःची यादी केली: जुना करार (येशूच्या आधीची पुस्तकं) सगळा बाद, शुभवर्तमान एकच, ते पण लूकचं आणि कात्री लावलेलं, वर पौल या प्रेषिताची दहा पत्रं. चर्चने त्याला बाहेर काढलं पण मग बाकीच्यांना पण प्रश्न पडला की आपली यादी नक्की कोणती. 180 च्या सुमाराला इरेनियस नावाचा बिशप ठासून लिहितो की शुभवर्तमानं चार, कमी नाहीत जास्त नाहीत. म्हणजे कॉन्स्टंटाईन जन्मायच्या कितीतरी आधी मत्तय, मार्क, लूक, योहान पक्के झालेले. पौलाची बहुतेक पत्रंही. घासाघीस राहिली ती कडेच्या पुस्तकांवर, इब्री लोकांस पत्र, याकोब, यहूदा, 2 पेत्र, योहानाची शेवटची दोन छोटी पत्रं आणि प्रकटीकरण. उलट आज कोणी नावही घेत नाही तो 'हर्मासचा मेंढपाळ' तेव्हा इतका वाचला जायचा की चौथ्या शतकातल्या सिनाय हस्तलिखितात तो नव्या कराराच्या मागे सरळ जोडलेला आहे. आज आपल्या हातात आहेत ती बरोब्बर 27 पुस्तकं एका यादीत पहिल्यांदा दिसतात ती अथनेशियस बिशपच्या 367 सालच्या ईस्टरच्या पत्रात. एका रात्रीत, एका माणसाने, एका सहीने असं काही झालेलं नाही.

जुन्या कराराचं वेगळं. प्रॉटेस्टंट बायबलमध्ये एकूण 66 पुस्तकं, कॅथोलिक बायबलमध्ये 73, कारण तोबीत, यहुदीथ, मक्काबींची दोन वगैरे सात पुस्तकं ग्रीक भाषांतरातून आलेली आहेत आणि ती घ्यायची की नाही यावर सोळाव्या शतकात कायमची फाटाफूट झाली. नवा करार दोघांचाही सेम. आणि 'दडवलेलं' म्हणून जे थोमाचं शुभवर्तमान सांगतात, ते 1945 मध्ये इजिप्तमध्ये नाग हम्मादीला सापडलं, छापलेलं मिळतं, वाचा की. येशूची 114 वचनं आहेत, जन्म नाही, क्रूस नाही, पुनरुत्थान नाही. वाचून झालं की तुमचं तुम्हालाच कळेल ते यादीत का बसलं नाही.

प्रश्न: दोन हजार वर्षं हातानं कॉपी करत आले म्हणजे बदललं असेलच ना? मूळ प्रत कुठाय?

मूळ प्रत नाही. एकाही पुस्तकाची नाही. त्या काळच्या कुठल्याच ग्रंथाची लेखकाच्या हातची प्रत उरत नाही, पपायरस आहे तो, सडतो. आणि कॉपी करताना चुका झाल्या का, तर झाल्या, भरपूर. नव्या कराराची पाच हजारांहून जास्त ग्रीक हस्तलिखितं आहेत आणि कुठलीही दोन अक्षराला अक्षर सारखी नाहीत. पण हे ऐकून लगेच घाबरायचं किंवा लगेच टाळ्या वाजवायच्या, दोन्ही नको. बहुतेक फरक स्पेलिंगचे, शब्द मागेपुढे झाल्याचे. आणि इतक्या प्रती असल्यामुळेच तर चूक कुठं शिरली ते पकडता येतं, एकच प्रत असती तर काही पत्ताच लागला नसता.

मोठे फरक दोन आहेत आणि ते प्रत्येक विश्वासणाऱ्याला माहीत पाहिजेत. मार्कच्या 16 व्या अध्यायातली 9 ते 20 ही वचनं सगळ्यात जुन्या प्रतींमध्ये नाहीत. आणि योहानमधली ती प्रसिद्ध गोष्ट, व्यभिचारात पकडलेली बाई आणि 'ज्याने पाप केलं नाही त्याने पहिला दगड मारावा', तीसुद्धा (7:53 ते 8:11) जुन्या प्रतींमध्ये नाही, काही प्रतींमध्ये ती भलत्याच ठिकाणी येते. आता ही गोष्ट येशूच्या स्वभावाशी इतकी जुळते की मला स्वतःला वाटतं घडलेलीच असणार, पण योहानाने लिहिली का म्हणाल तर नाही. चांगल्या छपाईच्या बायबलमध्ये तिथं कंस किंवा तळटीप असते. लोक तळटीप वाचत नाहीत हा वेगळा प्रॉब्लेम.

जुन्या कराराची तर परीक्षाच झाली म्हणा ना. 1947 मध्ये मृत समुद्राजवळ कुमरानच्या गुहांमध्ये गुंडाळ्या सापडायला लागल्या, त्यात यशयाची पूर्ण गुंडाळी निघाली, सात मीटरच्या वर लांब, आणि तोवर हातात असलेल्या हिब्रू प्रतींपेक्षा साधारण हजार वर्षं जुनी. शेजारी ठेवून वाचली. लिहायची पद्धत वेगळी, काही शब्द वेगळे, काही ओळी जास्त-कमी, पण यशया तोच.

प्रश्न: चार शुभवर्तमानं एकमेकांशी जुळत नाहीत. मग खरं कोणतं?

हा प्रश्न विचारणाऱ्या वाचकाने एक छान लिस्ट पाठवली आहे, आणि लिस्ट बरोबर आहे, म्हणून आधी शाबासकी. त्यातलं सगळ्यात अवघड घेऊ. येशूला पैसे घेऊन पकडून देणारा शिष्य यहूदा इस्कर्योत मेला कसा? मत्तय 27 म्हणतो त्याने पैसे मंदिरात फेकले आणि जाऊन गळफास घेतला, आणि त्या पैशातून शेत विकत घेतलं ते याजकांनी. प्रेषितांची कृत्ये, अध्याय 1 म्हणतो शेत त्याने स्वतःच घेतलं आणि तिथं पालथा पडून त्याचं पोट फुटलं. जुन्या काळापासून लोक जोडून देतात की आधी गळफास घेतला मग दोर तुटला मग पडला. जोडता येतं, पण हे दोन्हीपैकी कोणीच लिहिलेलं नाही, आपण आपल्या मनाची घालून घेतलेली ओळ आहे ती. मला विचाराल तर दोन वेगळ्या आठवणी आहेत, दोन्हीत शेत आहे, दोन्हीत रक्ताचा पैसा आहे, दोन्हीत वाईट मरण आहे, आणि तपशील जुळत नाही. हे मान्य केल्याने माझा विश्वास काही कोसळत नाही.

उलट काही फरक नीट बघितले की फरक राहत नाहीत. येशू मेल्यानंतरच्या रविवारी पहाटे त्याच्या कबरेकडे कोण गेलं? मार्क तीन बायकांची नावं देतो, योहान फक्त मग्दालीया मरीयेचं. झालं, विरोधाभास! पण योहान 20:2 वाचा, ती पळत येऊन पेत्राला काय म्हणते, 'त्याला कुठं ठेवलं ते आम्हाला माहीत नाही.' आम्हाला. म्हणजे बरोबर बाकीच्या होत्या, योहानाला कॅमेरा तिच्यावर ठेवायचा होता इतकंच.

आणि असं बघा, ठरवून रचलेली कथा असती तर त्यात काही गोष्टी कशाला ठेवल्या असत्या? मार्क 14 मध्ये येशूला पकडतात तेव्हा एक तरुण मागे असतो, अंगावर फक्त एक तागाचं कापड, शिपाई त्याला धरतात तर तो कापड त्यांच्या हातात सोडून नागडाच पळून जातो. दोन वचनं. नाव नाही, आधी नाही, नंतर नाही, कथेला काही उपयोगही नाही. मत्तय आणि लूक दोघांनी ही गोष्ट गाळली. किंवा पेत्र, पुढे ज्याला सगळे मान देणार होते, तो त्याच रात्री एका दासीला घाबरून येशूला ओळखतच नाही म्हणतो, हे चौघांनीही लिहिलंय. कबरेवरून बायका निरोप घेऊन येतात तर प्रेषितांना ती वायफळ बडबड वाटते (लूक 24:11). आपल्याच पुढाऱ्यांची एवढी लाज काढणारं प्रचारसाहित्य मी तरी बघितलेलं नाही.

चौघांनी चार ठिकाणी, चार वेगळ्या लोकांसाठी लिहिलं. बहुतेक अभ्यासक मार्क सगळ्यात आधीचा मानतात, इ.स. 70 च्या आसपासचा, आणि मत्तय-लूकने तो समोर ठेवून लिहिलं असं मानतात. ज्यांना चारही एकसारखी करून हवी होती असे लोक तेव्हाही होते, दुसऱ्या शतकात टॅशियनने चारांचं एक सलग पुस्तक करून टाकलं आणि सिरियातल्या चर्चमध्ये ते कितीतरी वर्षं चाललंसुद्धा. शेवटी तिथंही परत चार वेगळी आलीच. म्हणजे फरक आपल्यालाच आत्ता दिसले असं नाही, तेव्हाच्यांनाही दिसत होते आणि तरी त्यांनी चार ठेवली.

प्रश्न: पिता, पुत्र, पवित्र आत्मा म्हणजे तुम्ही तीन देव मानता ना? सरळ सांगा.

सरळ: नाही, एकच. मोशेच्या काळापासूनचं वाक्य आहे, 'हे इस्राएला ऐक, आपला देव परमेश्वर हा एकच परमेश्वर आहे' (अनुवाद 6:4), आणि सगळ्यात मोठी आज्ञा कोणती असं विचारल्यावर येशूने सुरुवात याच वाक्याने केली (मार्क 12:29). त्यात तडजोड नाही.

अडचण अशी झाली की हेच मानणारे पहिले शिष्य, पक्के यहूदी, येशूला प्रार्थना करायला लागले. थोमा त्याला तोंडावर 'माझा प्रभू आणि माझा देव' म्हणतो आणि येशू त्याला गप्प करत नाही. बाप्तिस्मा 'पित्याच्या, पुत्राच्या व पवित्र आत्म्याच्या नावाने' द्यायला सांगितलं गेलं (मत्तय 28:19), नाव एक, आणि त्यात तिघं. त्रैक्य, म्हणजे एकाच देवात तिघं, हा शब्द बायबलमध्ये नाही, शोधू नका. आधी हा अनुभव आला आणि त्याला नीट शब्द सापडायला चर्चला तीनशे-साडेतीनशे वर्षं लागली, 325 ला निकिया आणि 381 ला कॉन्स्टँटिनोपल, आणि मधे प्रचंड भांडणं.

आता संडे स्कूलमध्ये सगळ्यांना शिकवतात ते पाणी-बर्फ-वाफचं उदाहरण. कृपया बंद करा. तेच पाणी कधी बर्फ होतं कधी वाफ होतं, म्हणजे एकच देव कधी पित्याचं सोंग घेतो कधी पुत्राचं, आणि हे मत चर्चने तिसऱ्या शतकातच सबेलियसच्या नावावर टाकून चुकीचं ठरवलंय. येशू गेथशेमानेत गुडघे टेकून पित्याशी बोलतो, ते काय स्वतःशीच बोलत होता का? मग नीट समजावून कसं सांगायचं? पूर्ण नाही सांगता येत, आणि पूर्ण सांगता येतं असं म्हणणाऱ्याकडे जरा संशयानेच बघा. मला स्वतःला 'देव प्रीती आहे' (1 योहान 4:8) या वाक्यातून थोडं उलगडतं, प्रीती करायला दुसरं कोणीतरी लागतं ना, आणि जगाच्या आधी दुसरं कोणी नव्हतं, म्हणजे देवाच्या आतच ते नातं असणार. हा पुरावा नव्हे.

'पुत्र' म्हणजे देवाला बायको होती आणि मूल झालं असं कोणताही ख्रिस्ती पंथ मानत नाही, हे विचारणारी पत्रं अजून येतात म्हणून लिहिलं. आणि ज्यांनी मार्क 13:32 पाठवलंय, 'तो दिवस पुत्रालाही ठाऊक नाही', ते वचन खरंच अवघड आहे, आरियसच्या बाजूचे लोक हेच पुढे करायचे. चर्चचं उत्तर असं की माणूस म्हणून त्याने मर्यादा घेतल्या होत्या, भूक होती, झोप होती, तसंच हे. मला ते पटतं. काहींना पळवाट वाटते.

काही पटापट:

*एदेन बागेतलं ते फळ सफरचंद होतं का?* लिहिलेलंच नाही. नुसतं 'फळ'. सफरचंद चित्रकारांनी फेमस केलं.

*बाळ येशूला भेटायला आलेले मागी (पूर्वेकडचे ज्ञानी) लोक तीन होते?* मत्तय 2 मध्ये भेटी तीन आहेत, सोनं, ऊद, गंधरस. माणसं किती ते दिलेलं नाही, ते राजे होते असंही नाही, आणि ते आले ते 'घरात', गोठ्यात नाही. मेंढपाळ लूकमध्ये, मागी मत्तयमध्ये, आपण नाटकात सगळ्यांना एकाच स्टेजवर आणतो.

*25 डिसेंबर बायबलमध्ये कुठाय?* कुठंही नाही. रोममधल्या 354 सालच्या एका पंचांगवजा ग्रंथात ती तारीख पहिल्यांदा पक्की दिसते. सूर्याच्या सणावरून घेतली की 25 मार्चला गर्भधारणा धरून नऊ महिने मोजले यावर अभ्यासकांचं अजून जुंपलेलं आहे. रशिया, सर्बिया, इथिओपियासारख्या ठिकाणी जुनं कॅलेंडर चालतं म्हणून तिथं 7 जानेवारी. वर्षाचं विचाराल तर हेरोद राजा बहुतेकांच्या हिशोबाने इ.स.पूर्व 4 मध्ये मेला आणि येशू त्याच्या आधी जन्मला, म्हणजे सहाव्या शतकात डायोनिशियसने सन मोजताना काही वर्षांचा घोळ केला.

*मग्दालीया मरीया वेश्या होती?* शुभवर्तमानात असं एक अक्षर नाही. तिच्यातून सात भुतं काढली होती एवढंच. 591 मध्ये पोप ग्रेगरी पहिले यांनी एका प्रवचनात लूक 7 मधली अनाम पापी स्त्री आणि हिला एक करून टाकलं आणि बिचारीला ते चौदाशे वर्षं पुरलं. पुनरुत्थानाची पहिली साक्षीदार आहे ती, जरा मान द्या.

*कॅथोलिक मरीयेची पूजा करतात ना?* त्यांच्या शिकवणीत आराधना फक्त देवाची, मरीयेला मान आणि तिच्याकडे विनंती की आमच्यासाठी प्रार्थना कर. प्रॉटेस्टंटांना ती विनंतीही पटत नाही. फरक खरा आहे पण दुसऱ्याच्या तोंडी त्याने न म्हटलेलं घालू नका.

*येशू कबरेत शुक्रवार संध्याकाळ ते रविवार पहाट, हे तीन दिवस कसे?* तेव्हाच्या मोजणीत दिवसाचा तुकडा पण अख्खा दिवस धरत. एस्तेर 4:16 मध्ये राणी एस्तेर म्हणते तीन दिवस, रात्र आणि दिवस, उपास करा, आणि 5:1 मध्ये 'तिसऱ्या दिवशी' राजापुढे जाऊन उभी पण राहते.

*प्रकटीकरणातलं 666 म्हणजे मायक्रोचिप का?* नाही हो. जास्त करून नीरो बादशहा, अक्षरांना आकडे देऊन नाव लपवायची पद्धत होती. काही जुन्या प्रतींमध्ये तर 616 आहे.

प्रश्न: आयुष्यभर वाट्टेल ते करायचं आणि मरताना सॉरी म्हणायचं, झालं तारण? हा काय न्याय आहे?

तुमचा राग मला समजतो आणि बायबललाही समजतो, उधळ्या पुत्राच्या गोष्टीत (लूक 15) थोरला भाऊ हेच बोलत बाहेर उभा राहतो. त्याला बाप ओरडत नाही, बाहेर येऊन समजावतो, आणि तो आत गेला की नाही ते लिहिलेलंच नाही.

तर, हो. शेजारच्या क्रूसावरच्या चोराला 'आज तू माझ्याबरोबर सुखलोकात असशील' असं सांगितलं गेलं, त्याने ना बाप्तिस्मा घेतला होता ना कोणाचं नुकसान भरून दिलं होतं. पौल लिहितो तारण कृपेने, विश्वासाच्या द्वारे, कर्मांनी नव्हे म्हणजे कोणी फुशारकी मारू नये (इफिस 2:8-9). पण लगेच याकोब आहे, 'क्रियांवाचून विश्वास निर्जीव आहे.' प्रॉटेस्टंट चळवळ सुरू करणाऱ्या ल्यूथरला याकोबाचं पत्र इतकं खटकायचं की 1522 मध्ये त्याने त्याला गवताचं पत्र म्हटलं. या एका प्रश्नावर युरोप फुटला, आणि 31 ऑक्टोबर 1999 ला ऑग्सबर्गमध्ये कॅथोलिक आणि ल्यूथरन दोघांनी मिळून कागदावर सही केली की मूळ मुद्द्यावर आपण एकच म्हणतोय: कृपा आधी, चांगली कामं तिचं फळ. पावणेपाचशे वर्षं लागली. आणि प्लॅन करून शेवटी पश्चात्ताप करीन म्हणणाऱ्याने एवढंच बघावं की प्लॅन केलेला पश्चात्ताप हा पश्चात्ताप असतो का.

प्रश्न: माझा धाकटा भाऊ आजारात गेला. आम्ही खूप प्रार्थना केली. नंतर प्रार्थनेला येणाऱ्यांतलेच एक जण म्हणाले की घरात कोणाचं तरी पाप असणार किंवा विश्वास कमी पडला. बायबल असं म्हणतं का?

ताई, नाही म्हणत. तुम्हाला हे बोलणाऱ्याने ईयोबाचं पुस्तक वाचलेलं नाही, किंवा वाचून त्यातल्या चुकीच्या माणसांचं पाठ केलंय.

ईयोब चांगला माणूस, त्याची मुलं जातात, अंगभर फोड येतात. तीन मित्र येतात आणि सात दिवस सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर नुसते बसतात, एक शब्द बोलत नाहीत, कारण त्याचं दुःख फार मोठं आहे हे त्यांना दिसतं. तेवढंच त्यांनी बरोबर केलं. मग तोंड उघडतात आणि अध्यायामागून अध्याय तेच, काहीतरी पाप केलं असशील, कबूल कर, देव उगाच कोणाला शिक्षा करत नाही. ऐकायला सगळं कसं धार्मिक वाटतं. आणि ईयोब? तो देवावर ओरडतो, कोर्टात उभं राहायची भाषा करतो, जन्मलो तो दिवस जळो म्हणतो. शेवटी 42 व्या अध्यायात देव निकाल देतो आणि रागावतो कोणावर, तर त्या मित्रांवर. माझा सेवक ईयोब बोलला तसं यथार्थ तुम्ही माझ्याविषयी बोलला नाहीत. वर त्यांना सांगतो की ईयोबाकडे जा, तो तुमच्यासाठी प्रार्थना करेल.

येशूलाही हाच प्रश्न विचारला होता. जन्मापासून आंधळा माणूस बघून शिष्य म्हणाले पाप कोणी केलं, याने की याच्या आईबापांनी? तो म्हणाला, याने नाही आणि याच्या आईबापांनीही नाही (योहान 9). शिलोहचा बुरूज पडून अठरा माणसं मेली होती, त्यांच्याबद्दलही त्याने सांगितलं की ते यरुशलेमातल्या इतरांपेक्षा जास्त अपराधी होते असं समजू नका (लूक 13).

मग का गेला तुमचा भाऊ? ईयोबालाही कारण सांगितलेलं नाही, देव वादळातून येऊन पन्नास प्रश्न उलटे विचारतो पण कारण सांगत नाही, आणि मी तुम्हाला ओढूनताणून एखादं कारण दिलं तर मी त्या तिघांच्यात जाऊन बसेन. मेलेल्या मित्राच्या, लाजराच्या, कबरेपाशी येशू रडला हे तुम्हाला माहीत असेल. थोड्या वेळात त्याला उठवणार हे ठाऊक असून रडला, म्हणजे विश्वास असला की रडू येत नाही हेही खोटं. प्रार्थना जमत नसेल तर स्तोत्र 88 वाचा, अख्ख्या स्तोत्रसंहितेत इतकं काळोखं स्तोत्र दुसरं नाही, शेवटच्या ओळीपर्यंत उजेड येत नाही, आणि तरी ते प्रार्थनेच्या पुस्तकात आहे. आणि ते गृहस्थ परत आले तर त्यांना ईयोब 42:7 काढून द्या, हवं तर माझं नाव सांगा.

प्रश्न: मी सायन्स शिकते. सहा दिवसांत जग झालं हे मानलंच पाहिजे का? नाही मानलं तर मी ख्रिस्ती नाही का?

आहेस बाळा. उत्पत्तीचा पहिला अध्याय नीट बघ, उजेड पहिल्या दिवशी आणि सूर्य चौथ्या दिवशी. हे खटकायला टेलिस्कोप लागत नाही, तिसऱ्या शतकात ओरिजेन या ख्रिस्ती विद्वानाने विचारलं होतं की सूर्य नसताना संध्याकाळ आणि सकाळ झाली कशी, शहाण्या माणसाला हे शब्दशः वाटेल का. ऑगस्टीनही दिवस म्हणजे आपले चोवीस तास असं धरत नव्हता. जगाचा जन्म इ.स.पूर्व 4004 मध्ये, ती तारीख आयर्लंडचे आर्चबिशप अशर यांनी 1650 मध्ये वंशावळ्या मोजून काढली, बायबलमध्ये तो आकडा नाही. शब्दशः मानणारी चर्चेस आजही आहेत, मी त्यांच्यातला नाही. आणि विश्व पसरतंय, एका आद्य अणूपासून सुरुवात झाली, ही कल्पना 1927 ते 1931 मध्ये मांडणारा जॉर्ज लेमेत्र हा बेल्जियमचा कॅथोलिक पाद्री होता, सकाळी मिस्सा करून गणितं मांडणारा. गॅलिलिओला 1633 मध्ये चर्चने दिलेली शिक्षा पण खरी आहे, ती कोणी काढली तर मान्य करायची.

प्रश्न: बायबल वाचायला घेतो आणि दरवेळी मधेच सुटतं. कुठून सुरू करू?

पहिल्या पानापासून करता म्हणून सुटतं. उत्पत्ती मजेत जातं, निर्गम अर्ध्यापर्यंत सिनेमा, मग निवासमंडपाची मापं सुरू होतात आणि लेवीयमध्ये यज्ञांचे नियम, तिथं भलेभले आडवे होतात. मार्क घ्या. सोळाच अध्याय, घाईत लिहिल्यासारखा, दीड-दोन तासांत एका बैठकीत होतो आणि एका बैठकीतच वाचा, रोज चार ओळी असं नको. मग लूक आणि लगेच प्रेषितांची कृत्ये, दोन्ही एकाच माणसाने लिहिलेली आहेत, भाग एक भाग दोन. जुन्या करारातलं रूथ चार अध्यायांचं आहे, झोपायच्या आधी संपतं. स्तोत्रं कुठूनही उघडा, फक्त पहिलंच 119 निघालं तर सोडा, 176 वचनं आहेत त्याला. लेवीयला नंतर या, आलात की 19 वा अध्याय आधी वाचा, 'आपल्या शेजाऱ्यावर स्वतःसारखी प्रीती कर' हे मूळ तिथलं आहे. अध्याय आणि वचनांचे नंबर मुळात नव्हतेच, अध्याय तेराव्या शतकात पाडले आणि नव्या करारातले आजचे वचनांचे आकडे 1551 मध्ये पॅरिसच्या छापखानेवाल्या रॉबर्ट एस्तिएनने टाकले, त्यामुळे अध्याय संपला म्हणून गोष्ट संपली असं धरून थांबू नका.

प्रकटीकरण सगळ्यात शेवटी, आणि एकट्याने नको. त्याच्यावर आलेली पत्रं आणि नरकाबद्दलचा तो लांबलचक प्रश्न पुढच्या अंकात घेतो, या वेळची जागा संपली.